सात नंबरचा नियम

क्लब-हाउसच्या फळ्यावर रोज सकाळी मी बातम्या लिहिते.
अक्षर वळणदार, म्हणून दीड हजार जास्त.

सोमवार. रात्री रोही आले होते, नऊ.
चार नंबरच्या ग्रीनवर खुरांचे खड्डे, लेंड्या.
कुंपणात करंट नव्हता, की होता आणि रोह्यांना तो लागत नाही,
यावर समितीत दोन तट.
रिटायर वनाधिकारी खोब्रागडे साहेब चहाची बशी ठेवत म्हणाले,
"ते आपल्या आधीपासून येतात."
हे मी लिहिलं नाही. फळा भरला होता.

मंगळवार. पाणी: गवताला दोनदा, घरांना एकदा.
एवढंच.

बुधवार. बी-चौदाच्या अग्निहोत्री काकूंचा मुलगा
यायचा होता, येत नाही.
काकू म्हणाल्या, तसं नको लिहूस, असं लिही:
सांभारवडी झाली आहे, सोळा जणांची,
ज्याला यायचं त्यानं यावं.
लिहिलं.
गेटवरचे चारही गार्ड आळीपाळीनं जेवून आले.
घरमालकांपैकी कोणी गेलं का, माहीत नाही.

मी मोहगव्हाणची. सात नंबरवरूनच आमची पांदण जायची,
शाळेला त्याच वाटेनं गेले पाच वर्षं.
जमीन विकली ती आम्हीच, भाव बरा आला,
काकानं बुलेट घेतली, अजून धूळ बसू देत नाही तिच्यावर.
म्हणून रडगाणं नाही सांगत.
फक्त आता गेट दोनवरून येते, आणि उईके गार्ड,
माझ्याच वर्गातला, वही पुढे करतो:
"सही कर. मले माहीत हाये तू कोन,
पन रजिस्टरले माहीत नाही न."

खरेदीखतात एक ओळ होती. निंबाचं झाड
आणि त्याखालची मातामाय, हात लावायचा नाही.
म्हणून सात नंबर डावीकडे वळतो,
आणि ज्याचा फटका वळत नाही
त्याचा चेंडू थेट मायच्या ओट्यावर.

त्यासाठी समितीनं नियम केला, मी तो फळ्याच्या कोपऱ्यात
पांढऱ्या रंगानं कायमचा लिहिला:
*ओट्यावर गेलेला चेंडू दंडाशिवाय उचलावा,*
*काठीच्या एका लांबीत ठेवावा.*
आणि खाली, त्याच अक्षरात,
*बूट काढून.*

हे समितीनं सांगितलं नव्हतं.
माझी माय एकदा म्हणाली होती,
"मायच्या दारी जोडे घालून जातेत का बाप्पा?"
तेवढंच डोक्यात होतं, ब्रश हातात होता.

महिना गेला. कोणी विचारलं नाही.
मग एक दिवस पाहिलं,
कोळशाचे कंत्राटदार राठी, दोन हातांनी निंब धरून
खिळ्यांचा बूट उपसताहेत, मागे तिघे खोळंबलेले,
कोणी हसत नाही.
नियम म्हणजे नियम.

शुक्रवारी डॉक्टर चांडक.
चेंडू सापडला होता, समोरच होता.
तरी मोज्यांवर उभे, किती वेळ,
कॅडीनं बॅग खाली ठेवली, मग स्वतःच बसला.
मागच्या चौघांना त्यांनी हातानंच पुढे जा म्हटलं.
मोज्यांना ओल लागली असणार, नुकतं पाणी सोडलं होतं.

शनिवार. स्पर्धेचा निकाल: देशपांडे, दोन फटक्यांनी.
सी-सातमधलं मांजर सापडलं.
सोमवारी वीज नाही, दहा ते एक.

संध्याकाळी झाडझूड करणारी कौसल्यामावशी
मला हाताला धरून घेऊन गेली.
ओट्यावर मायच्या उजवीकडे एक चेंडू,
खळगे भरून शेंदूर, ओला.
बोटानं जरा पुसलं तर खाली दोन हिरवे ठिपके.
आपापला चेंडू ओळखू यावा म्हणून प्रत्येक जण खूण करतो,
आणि कोणाची कोणती, हे मला सगळं पाठ आहे.

"कोनाचा हाये वं?" मावशी म्हणाली.
शेंदूर बोटाला लागला होता, निघत नव्हता.
म्हटलं, मायचा.

रविवारी फळ्याला सुट्टी असते.